राखेतला पारा आणि शंभर किलोमीटरचा परीघ

१४ सप्टेंबर १९९९ची केंद्रीय अधिसूचना औष्णिक वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना बजावत होती की, मातीत वजनाने किमान २५ टक्के राख मिसळल्याशिवाय विटा पाडू नका. नागपूर जिल्ह्यातले भिवापूर कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांपासून सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर, म्हणून तेव्हा ते या परिघाबाहेर राहिले. २७ ऑगस्ट २००३च्या दुरुस्तीने परीघ १०० किलोमीटर केला आणि भिवापूर त्यात आले. सुपीक माती वाचावी, राखेचे ढीग घटावेत, हा हेतू रास्तच होता.

पण ही राख चिमणीच्या वाटेवर पारा धरून आलेली असते. कोळशात पारा अत्यल्प असतो. बॉयलरच्या ज्वाळेत तो सगळाच वाफ होतो. वायू निवत जाताना त्यातला काही क्लोरीनशी संयोग पावतो, काही राखेतल्या अर्धवट जळालेल्या कार्बनच्या कणांना चिकटतो. ईएसपी या धुरातली राख अडवणाऱ्या यंत्रणेच्या विद्युतभारित पत्र्यांवर ती राख पाऱ्यासकट अडकते. आपल्या कोळशात राख भरपूर, क्लोरीन मात्र कमी. त्यामुळे बराच पारा वाफेच्याच रूपात चिमणीबाहेर निसटतो.

या निसटणाऱ्या पाऱ्यावर मर्यादा आली ती ७ डिसेंबर २०१५च्या अधिसूचनेने : घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम. तिचा तक्ता बारकाईने वाचावा. २००३अखेरपर्यंतच्या संचांपैकी ही मर्यादा फक्त ५०० मेगावॅट आणि त्याहून मोठ्यांना आहे. खापरखेड्याचे १९८९ ते २००१ दरम्यान सुरू झालेले २१० मेगावॅटचे चारही संच त्यातून सुटले. त्याच आवारातल्या नंतरच्या ५०० मेगावॅटच्या संचाला मात्र ती लागू झाली. धुराला संचाचे वय कळत नाही. ही सूट मला समर्थनीय वाटत नाही.

आता दोन्ही कागद शेजारी ठेवा. चिमणीच्या हिशेबात राखेने धरलेला पारा 'अडवलेला' ठरतो. पण तीच राख विटेत गेली, तर तीन किलोच्या कच्च्या विटेत पाऊण किलो राख असते आणि भट्टीची आच हजार अंशांच्या आसपास जाते. राखेतला पारा त्याच्या कितीतरी आधी सुटतो, आणि साध्या भट्टीच्या धुराड्यावर ईएसपी नसते.

१९९९च्या अधिसूचनेची जागा ३१ डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेने घेतली आहे. पण भट्टीतून सुटणारा पारा टाळायचा, तर उपाय आहे : सिमेंट किंवा चुन्याने बांधलेली, पाणी मारून पिकवलेली राखेची वीट भाजावी लागत नाही. घर बांधताना तीच मागा.