पेटीतले कागद आणि लेकींची नावे

जोयडा तालुक्यातल्या माझ्या एका मैत्रिणीचे घराणे देसायांचे. त्यांचा जुना वाडा सुप्याला होता. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण बांधले गेले, सुपे गाव पाण्याखाली गेले, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली आणि पुष्कळ माणसे रामनगरला वसली. वाडा गेला, पण कागदांची लोखंडी पेटी मात्र मैत्रिणीच्या आईने बैलगाडीत आपल्या पायाशी ठेवून आणली.

गेल्या दिवाळीत काकूंनी ती पेटी माझ्यासमोर उघडली. लाल फडक्यात बांधलेले रुमाल, मोडीतले कागद, कडेने वाळवीने खाल्लेले. मोडी वाचणारे एक गुरुजी सोबत होते. चतुःसीमा वाचताना ते थांबत: पूर्वेस ओहोळ, दक्षिणेस फणसाचे झाड, पश्चिमेस वाट. ओहोळ, झाड, वाट, सगळे आता जलाशयाच्या तळाशी. कागदावर मात्र सीमा जशीच्या तशी.

जुन्या सनदांची भाषा मोठी भरदार. नुसती जमीन देत नाहीत. जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप, सगळ्यासकट देतात. आणि कुणाला? तर 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने'. हा शब्द आला, तशा काकू हळूच म्हणाल्या, "बघ गं, गवताच्या काडीचं नाव आहे. लेकीचं नाही."

ते वाक्य माझ्या मनातून जाईना.

या भागाचा इतिहास म्हणजे कागदांच्या हातबदलाचाच इतिहास आहे. शिरसीजवळचे सोंदे ही इथली मोठी राजगादी. आपला स्वादी जैन मठ आहे तेच हे सोंदे. १७६३-६४ च्या सुमारास हैदर अलीने सोंदे घेतले, तेव्हा राजा सवाई इम्मडी सदाशिव घाट उतरून गोव्यात पोर्तुगिजांच्या आश्रयाला गेला. सोंदेकर फोंड्याजवळ बांदोड्याला राहिले. १७९१ च्या तहाने फोंडे, सांगे, केपे, काणकोण हा घाटाखालचा मुलूख पोर्तुगिजांचा झाला. राज्य गेले, राहिला तनखा आणि कागद. पणजीचे पुराभिलेखागार १५९५ सालचे. शेजारच्या राजांशी झालेला पत्रव्यवहार तिथे जपलेला आहे. म्हणजे मोठ्या राजाचे आणि आमच्या काकूंचे शेवटी एकच झाले. जमीन गेली, पेटी राहिली.

घाटावरचा हा मुलूख पुढे इंग्रजांकडे आला आणि १८६२ मध्ये मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला. मुंबई सरकारने वतनांचे कायदे केले. त्यातला १८८६ चा पाचवा कायदा मैत्रिणींनो, आपण सगळ्यांनी ऐकावा असा आहे. वतनदार घरात शेवटच्या पुरुष मालकाची विधवा सोडली, तर बाकी सगळ्या बायका वारसाक्रमात पुरुषांच्या मागे. जवळची सख्खी लेक मागे, लांबचा चुलत पुतण्या पुढे! रूढी होतीच, तिच्यावर सरकारी शिक्का बसला.

आपल्यात नेहमीच असे होते का? लक्कुंडीचे जिनालय अत्तिमब्बेने १००७ साली बांधले. श्रवणबेळगोळची सवतिगंधवारण बसदी ११२३ ची, राणी शांतलेची. याच आपल्या जिल्ह्यात गेरुसोप्प्याला सोळाव्या शतकात चेन्नभैरादेवी या जैन राणीने राज्य केले, पोर्तुगीज तिला मिऱ्यांची राणी म्हणत. दगडावर बाईचे नाव देणारी म्हणून येते. कागदावर आले की ते कुठेतरी गळते.

१९५० च्या कायद्याने परगणे आणि कुळकर्णी वतने संपली. १ मार्च १९७४ ला कुळांच्या ताब्यातली जमीन सरकारकडे गेली आणि कसणाऱ्याला मिळायची वाट मोकळी झाली. काकूंच्या घरी तेव्हा रडारड झाली. पण काकूच सांगतात, "आपल्याकडे कागद होता, त्यांच्या हाताला घट्टे होते." हे बोलायला मोठे मन लागते.

आता माझे सांगते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात आपण जैनही येतो. कर्नाटकाने १९९४ मध्ये लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. माझे लग्न १९९२ चे! दोन वर्षांनी चुकले. वडील गेल्यावर २००३ मध्ये मी हक्कसोडपत्रावर सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही. चहा झाला, भावाने पेन दिले, मी वाचलेसुद्धा नाही. २००५ ला केंद्राचा कायदा बदलला, विवाहित लेकीही आल्या. पण नोंदवलेली सही मागे घेता येत नाही.

जमीन मिळाली असती तर मी काय केले असते, ठाऊक नाही. कदाचित भावालाच दिली असती. आपल्या धर्मात त्यागाला मान आहे. पण जे आपले आहे हेच माहीत नाही, ते सोडले त्याला त्याग कसे म्हणायचे?

निघताना काकूंनी रुमाल परत बांधले. मग नातीला हाक मारली आणि पेटीची किल्ली तिच्या हातात ठेवली. "मोडी शीक हो," म्हणाल्या. पोरीने किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली.