गोहरबाईंची पत्रं

दहावीच्या वर्गात पत्रलेखन शिकवत होतो. अभिनंदनपत्र, आणि कुणाला लिहायचं ते मुलांनी ठरवायचं. आमच्या सानगडीच्या भागात दिवाळीनंतर मंडया भरतात आणि झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. त्यामुळे बऱ्याच मुलांनी नाटकातल्या नटांना पत्रं लिहिली. एका मुलीची वही मात्र कोरीच होती. विचारलं तर हळूच म्हणाली, "सर, मुझे हिरोईन को लिखना है. अब्बा को मालूम पड़ा तो?"

मला गोहरबाई कर्नाटकी आठवल्या.

कलावंताला कौतुकाचं पत्र लिहिण्याची रीत जुनी आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात एलेन टेरी ही लंडनच्या लायसियम थिएटरची नामवंत नटी होती. तिचा आणि जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचा पत्रव्यवहार 1892 साली सुरू झाला. प्रत्यक्ष भेट मात्र 1900 साली झाली. 1931 मध्ये या पत्रांचं पुस्तक निघालं. ती आजही आवडीने वाचली जातात.

त्याच राणीच्या अमलात, 1888 साली, इकडे नारायण श्रीपाद राजहंस जन्मले. टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटलं आणि तेच नाव राहिलं. 1905 मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत गेले, 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. 'स्वयंवर', 'एकच प्याला' गाजली. स्त्रीवेषातल्या या पुरुषाची साडी, केसांची ठेवण, दागिने पाहून घराघरांतल्या बायका तशा नटू लागल्या. त्यांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष होते. ही नावं आपण अभिमानाने सांगतो.

गोहरबाईंचं नाव घेताना मात्र आपला आवाज खाली येतो. त्या विजापूरकडच्या बिळगीच्या. 'किस्मत' सिनेमात गायलेल्या अमीरबाई कर्नाटकी त्यांच्या सख्ख्या बहीण. गोहरबाईंची मातृभाषा मराठी नव्हती. तरी त्यांनी बालगंधर्वांची गाणी इतकी आत्मसात केली, की ध्वनिमुद्रिका लावली की ऐकणारा क्षणभर फसायचा. शॉने कागदावर लिहिलं, गोहरबाईंनी तबकडीवर. माझ्या लेखी ती त्यांची पत्रंच होती.

पुढे 1937-38 च्या सुमारास त्या बालगंधर्वांच्या कंपनीत आल्या आणि नायिकेच्या भूमिका करू लागल्या. मग त्यांच्या सोबतीने राहिल्या. तेव्हापासून बोल लागला तो आजतागायत आहे: या बाईने आमचा गंधर्व बुडवला.

इथे इतिहास नीट पाहायला हवा. 1921 च्या सुमारास कंपनी कर्जात बुडालेलीच होती. भारी वस्त्रं, उंची अत्तरं, रंगमंचाचा थाट यांपुढे हिशेब कुणी पाहिला नव्हता. तेव्हा गोहरबाई लहान मुलगी होत्या. दहा वर्षांनी बोलपट आला आणि प्रेक्षक तिकडे वळला. कर्ज आणि बोलपट, दोन्ही त्यांच्या आधीचे. त्या आल्या तेव्हा बालगंधर्व पन्नाशीला टेकले होते. नंतर त्यांचे पाय गेले, त्या परावलंबी काळातही घरात गोहरबाई होत्या. 1967 साली बालगंधर्व गेले, त्याआधीच गोहरबाई गेल्या होत्या.

दोष द्यायला त्या सोयीच्या होत्या: बाई, गाणारी आणि मुसलमान. पण केवळ इतरांकडे बोट दाखवून चालणार नाही. आपण तरी त्यांना कुठे आपलं म्हटलं? थिरकवा आपले उस्ताद, आणि गोहरबाई 'नाटकवाली'. दोघंही एकाच माणसाच्या कलेवर लुब्ध होऊन एकाच कंपनीत आले होते. मराठी रंगभूमीत मुसलमानांचा वाटा किती, हे सांगताना आपल्या यादीत बहुतेक पुरुषच असतात, हे माझ्याही उशिराच लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गोहरबाईंची गोष्ट सांगितली. मोबाइलवर त्यांचं एक गाणंही ऐकवलं. तास संपताना त्या मुलीने वही पुढे केली. मी ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका सुधारल्या. पत्राखाली तिने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं.

ते पत्र पोस्टात पडेल की वहीतच राहील, मला माहीत नाही. तिच्या अब्बांना मी ओळखतो. ते भेटले की मीच विषय काढणार आहे.