परितेवाडीचे गुरुजी आणि पुस्तकातील चौकोन



पाठ्यपुस्तकात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक लहानसा चौकोन छापलेला आपण पाहिला असेल. त्यास 'क्यूआर कोड' म्हणतात. १९९४ साली जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो तयार झाला. कारखान्यातील ही खूण मुलांच्या पुस्तकात कशी आली, हा इतिहास जाणून घेण्याजोगा आहे. कारण त्याचा एक धागा आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील, माढा तालुक्यातील परितेवाडी या छोट्या गावातून जातो.

श्री. रणजितसिंह डिसले यांना अभियंता व्हायचे होते. तो मार्ग सुटला आणि वडिलांच्या सूचनेवरून ते अध्यापनाच्या प्रशिक्षणाकडे वळले. २००९ साली ते परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. इमारत मोडकळीस आलेली होती आणि शेजारी गुरांचा गोठा होता. मुलींची हजेरी तुटपुंजी होती व लग्नेही कोवळ्या वयात होत. शिवाय पुस्तकाची भाषा अनेक मुलांच्या घरची भाषा नव्हती.

घरी एक भाषा आणि वर्गात दुसरी, ही अडचण आपल्यापैकी कितीतरी घरांना ठाऊक आहे. अशा वेळी आपण सहज म्हणतो, "मुलाला डोके नाही." डिसले गुरुजींनी तसे म्हटले नाही. ते स्वतः मुलांची भाषा शिकले, पहिली ते चौथीची पुस्तके त्या भाषेत उतरविली आणि त्यांत हे चौकोन बसविले. फोन समोर धरला की कविता ऐकू येई, धडा पाहावयास मिळे. पुढे २०१७ साली राज्य शासनाने सर्व इयत्तांच्या पुस्तकांसाठी ही पद्धत जाहीर केली. त्याच वर्षी केंद्र शासनाचे 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झाले. २०१९ साली देशभरातील शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी 'निष्ठा' हा उपक्रम आला.

३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झाले. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली.

पालकहो, येथे थोडे थांबून विचार करा. चौकोन छापणे सोपे होते. अवघड होते ते नोकरी लागल्यावरही शिक्षकाने विद्यार्थी होऊन नवी भाषा शिकणे. आपल्या शाळेतील शिक्षक प्रशिक्षणास जातात तेव्हा "आज तास बुडाला" अशी तक्रार करण्यापूर्वी हे आठवावे.

आणि एक गोष्ट आपल्या हाती आहे. घरात फोन बहुधा एकच असतो. संध्याकाळी तो कोणाच्या हाती जातो? मुलाला मिळतो आणि मुलगी स्वयंपाकघरात असते, असे होत असेल तर पुस्तकातील तो चौकोन तिच्यासाठी छापलाच नाही असे समजा. अर्धा तास तिलाही द्या, आणि शेजारी बसून आपणही पाहा.