अंगणात आलेली शाळा

चौथीच्या वर्गाच्या दारात एक मुलगी उभी होती. पाठीवर दप्तर आणि कडेवर दोन-अडीच वर्षांचा भाऊ. आम्ही नियमाचे पक्के. "वर्गात बाळ चालणार नाही, त्याला घरी सोडून ये," असे तिला सांगितले. ती गेली आणि अकरा दिवस शाळेत आलीच नाही. बाराव्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. पालेगावातली एका खोलीची वस्ती. आई एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला, बाप सेंट्रिंगच्या कामावर. बाळाला घरी सोडायचे म्हणजे कोणाजवळ, हा प्रश्न आम्ही त्या दिवशी मुलीला विचारलाच नव्हता. आई म्हणाली, "टीचर, मैं काम छोड़ूँ या ये स्कूल छोड़े, आप ही बताओ."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. परत येताना मनात एकच विचार होता : हा प्रश्न आमच्या आधी कोणालाच पडला नसेल का? पडला होता. तोही आमच्याच जिल्ह्यात, आणि त्याचे उत्तरही तिथेच शोधले गेले होते. बी.एड.ला असताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावे आम्ही टिपेच्या पाच गुणांसाठी पाठ केली होती. परीक्षा झाली आणि नावे विसरलो. त्या मुलीमुळे ती पुन्हा वाचावी लागली.

या कहाणीची सुरुवात दूरवर होते. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. तिथली मुले कामगारांची होती. आईबाप कामावर गेले की जिन्यात उंडारणारी. आज 'माँटेसरी' म्हटले की भरमसाट फी आणि गळ्यात टाय लावलेले मूल डोळ्यांपुढे येते, पण तिचा जन्म मजुरांच्या चाळीत झाला, हे विसरता कामा नये. तो विचार भारतात रुजवला गिजुभाई बधेका यांनी. १९२० साली भावनगरला त्यांनी बालमंदिर सुरू केले. पुढे ताराबाई त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढले.

शिशुविहार उत्तम चालले. पण तिथे येणारी मुले मुख्यतः सुशिक्षित मध्यमवर्गाची होती. ज्या विचाराचा जन्म चाळीत झाला तो दादरच्या पांढरपेशा घरांपर्यंत येऊन थांबला, तर गावातल्या गरिबाच्या मुलाचे काय? वयाची पन्नाशी उलटल्यावर ताराबाईंनी मुंबई सोडली आणि १९४५ साली समुद्राकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताई बालविधवा. जिद्दीने शिकून त्या पुण्यात शिक्षिका झाल्या होत्या. ती नोकरी मागे ठेवून त्या बोर्डीला गेल्या आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी त्या परिसराला दिले.

बोर्डी, डहाणू, कोसबाड हा मुलूख १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. म्हणजे ही कोणा परक्या देशाची कथा नाही. अंबरनाथहून कल्याण, वसई करीत घोलवड स्टेशनला उतरले की बोर्डी येते.

बोर्डीत बालवाडी उघडली आणि पहिलाच धडा मिळाला तो शिकवणाऱ्यांना. जी मुले यावीत म्हणून हा खटाटोप केला, ती येईनात. दलित वस्तीतल्या मुलांना गावातल्या बालवाडीत पाऊल टाकायचा धीर होईना. आईबाप पहाटे मजुरीला गेलेले. मुलांना न्हाऊ घालणार कोण, हात धरून आणणार कोण? अशा वेळी आपण शिक्षक काय करतो? हजेरीपटावर लाल शाईने 'गैरहजर' लिहितो आणि पालकांना शिक्षणाची कदर नाही असा शेरा मारतो. ताराबाई आणि अनुताईंनी उलटा हिशेब मांडला. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत गेले पाहिजे. त्या वस्तीत गेल्या आणि अंगणात बसल्या. मुलांचे हातपाय धुतले, केस विंचरले, मग गाणी, गोष्टी, खेळ. साहित्य म्हणून महागडी लाकडी उपकरणे न घेता शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, माती घेतली. गावातली ती मध्यवर्ती बालवाडी आणि ही अंगणातली बालवाडी. 'अंगणवाडी' हा शब्द असा जन्माला आला.

पुढे १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध गेले. तिथे नवी अडचण उभी राहिली. मुले दिवसभर गुरांमागे. मग शाळा गुरांमागे कुरणात गेली आणि तिला 'कुरणशाळा' म्हटले गेले. मुलींच्या कडेवर धाकटी भावंडे. मग एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी सोय केली. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली बहीण वर्गात. या प्रयोगाचे नाव 'विकासवाडी'.

हे वाचले तेव्हा आम्हाला आमच्या वर्गाचे दार आठवले. कडेवरच्या बाळासकट आलेल्या मुलीला कोसबाडला आत घेतले गेले होते. साठ-पासष्ट वर्षांनंतर आम्ही तिला परत पाठवले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. मान देऊन आपण मोकळे झालो, त्यांचा हिशेब मात्र शाळेच्या नियमांत कधी उतरला नाही.

आमच्या समाजातले काही वाचक म्हणतील, हा इतिहास त्यांचा, आपला यात संबंध काय? संबंध आहे. बालशिक्षण आपल्याला नवे नाही. मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की बिस्मिल्लाखानी करायची, मिठाई वाटायची, मुलाच्या तोंडून पहिले अक्षर वदवून घ्यायचे, ही रीत आपल्या कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तालीम सहाव्या-सातव्या वर्षी नव्हे तर त्याच्या आधी सुरू होते, हे आपल्या आजी-नानींना कोणा बी.एड.वाल्याने शिकवले नव्हते. पण बिस्मिल्ला झाल्यावर ते मूल दिवसभर काय करते, काय खाते, कोणाशी बोलते, याची सोय लावणे उरले ते उरलेच.

आपल्यातल्या ज्यांनी त्याचा विचार केला त्यांत झाकीर हुसेन यांचे नाव घ्यावे लागते. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. तिथे नेमलेल्या नई तालीमच्या समितीचे ते अध्यक्ष होते. ती योजना सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती. सातच्या खालच्या मुलांचा विचार नई तालीममध्ये पुढे आला. मात्र दिल्लीला झाकीरसाहेबांच्या जामिया मिल्लियामध्ये या लहानग्यांचे काम आधीच सुरू झाले होते. ते करणारी होती गेर्डा फिलिप्सबोर्न नावाची जर्मन ज्यू बाई. १९३३ च्या सुमारास ती जामियात आली. मुले तिला 'आपाजान' म्हणत. १९४३ साली ती तिथेच वारली. आजही जामियातले पाळणाघर तिच्या नावाने चालते. आपल्या एका नामवंत संस्थेने आपल्या शिक्षिकेची आठवण पाळणाघराच्या रूपाने ठेवावी, यात आमच्यासारख्यांना पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

आता सरकारकडे वळू. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या केंद्राला नाव मिळाले 'अंगणवाडी'. बोर्डीच्या अंगणातला शब्द देशभर गेला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आईला पोषण आणि आरोग्याचे शिक्षण आणि मुलाला शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एका छताखाली आल्या. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम ४५ बदलले. सहा वर्षांखालील सर्व मुलांचे संगोपन आणि शिक्षण यांसाठी राज्याने प्रयत्न करावेत, असे त्यात आले. पण सहा ते चौदाच्या मुलाला मूलभूत हक्क मिळाला, तर सहाच्या आतल्याला केवळ राज्याचे 'प्रयत्न' मिळाले. हा फरक लहान नाही.

२००६ हे वर्ष आमच्या दृष्टीने महत्त्वाचे. त्या जूनमध्ये अल्पसंख्याकांसाठी पंतप्रधानांचा नवा १५ कलमी कार्यक्रम आला. त्याचे पहिलेच कलम बाल विकास सेवांच्या न्याय्य उपलब्धतेचे होते. अल्पसंख्याक वस्तीच्या भागांत अंगणवाड्यांचा ठरावीक वाटा असावा, असे त्यात म्हटले होते. नोव्हेंबरात सच्चर समितीचा अहवाल आला. मदरशात जाणारी मुस्लिम मुले जेमतेम तीन-चार टक्के आहेत, आणि सहा ते चौदा वयोगटातली सुमारे चौथा हिस्सा मुस्लिम मुले एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मधेच गळाली, हे त्याने सांगितले. १३ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. ज्या गावात किंवा झोपडवस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यावी.

आपण १५ कलमांवर भाषणे ऐकली. सच्चर अहवालावर परिसंवाद घेतले, त्यांत आम्हीही होतो. पण त्यातले पहिले कलम कोणते होते, हे आमच्यातल्या कितीजणांना ठाऊक होते? आरक्षण, नोकऱ्या, महाविद्यालये यांवर तावातावाने बोलणारे आम्ही तीन वर्षांच्या मुलाबद्दल बोललो नाही. तो मोर्चा काढत नाही आणि मतही देत नाही.

पहिलीच्या वर्गात मात्र तो फरक पहिल्याच दिवशी दिसतो. जे मूल बालवाडीत बसून आले ते खडू हातात धरते, शेजाऱ्याशी बोलते, गोष्ट ऐकते. जे आले नाही ते दाराकडे पाहत रडते. दोन्ही मुलांची अक्कल सारखीच असते, फक्त एकाला तीन वर्षे मिळाली आणि दुसऱ्याला ती मिळाली नाहीत. मग आम्ही त्या दुसऱ्याला 'कच्चा' म्हणतो.

पालेगावात आज उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्या तळमजल्यावर रंगीत भिंतींचे इंग्रजी नर्सरीवर्ग दिसतात. त्या इमारती बांधणाऱ्यांची आणि त्यांत धुणीभांडी करणाऱ्यांची मुले मागच्या वस्तीत आहेत. कोणी कोकणातले, कोणी मराठवाड्यातले, कोणी उत्तर प्रदेशातले. घरी कोणी दखनी बोलते, कोणी कोकणी, कोणी अवधी. "आमच्या मुलाला सेविकाबाईंची मराठी कळत नाही म्हणून पाठवत नाही," असे काही आयांनी आम्हाला सांगितले. याला उत्तर म्हणून मुलांची वेगळी चूल मांडावी असे आम्हाला वाटत नाही. पहिले वर्ष घरच्या बोलीत हाक मारणारी, आणि त्याच अंगणात शेजारच्या मुलांसोबत मराठीही कानावर घालणारी एक सेविका किंवा मदतनीस वस्तीतलीच असावी, एवढेच पुरे आहे. आपल्या दहावी-बारावी झालेल्या मुलींनी हे काम हलके समजू नये. अंगणवाडी ताईंना पगार नव्हे, मानधन मिळते. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळवायलाही त्यांना सर्वोच्च न्यायालयात २०२२ उजाडावे लागले. त्यांच्या लढ्यात आपण उभे राहिलो, तर आपल्या मुलींनाही त्या कामाची वाट धरावीशी वाटेल.

त्या मुलीच्या घरून आल्यावर आम्ही शाळेतल्या दोन सहकाऱ्यांना घेऊन चार रविवार वस्तीत फिरलो. वहीत फक्त दोन रकाने : नाव आणि वय. चाळीसचा आकडा दुसऱ्याच रविवारी ओलांडला. यादी आणि मागणीचा अर्ज आयांच्या अंगठ्या-सह्यांनिशी दिला. पोच घेतली आहे. उत्तर अजून यायचे आहे, आणि ते येईपर्यंत आम्ही पुन्हा पुन्हा जाणार आहोत.

ती मुलगी आता शाळेत येते. तिचा भाऊही येतो. वर्गाच्या कोपऱ्यात एक सतरंजी टाकली आहे, एका डब्यात शिंपले आणि चिंचोके ठेवले आहेत. नियमात हे बसते का, असे आम्हाला कोणी विचारले तर आम्ही कोसबाडचे नाव सांगणार आहोत.

वाचकांना विनंती एवढीच. आपापल्या मोहल्ल्यात एक वही घेऊन निघा आणि सहा वर्षांखालची मुले मोजा. ही मोजणी आपल्या आधी कोणी केलेली नसेल.