न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदाचे वारस

भारतात राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. अमेरिकेत गव्हर्नर लोक निवडून देतात आणि राज्याचा कारभार तोच चालवतो. त्यामुळे मुदत संपण्याआधी खुर्ची रिकामी झाली तर तिच्यावर कोणी बसायचे, हे प्रत्येक राज्याने आपल्या घटनेत ठरवून ठेवले आहे. बहुतेक राज्यांत हा मान लेफ्टनंट गव्हर्नरचा. न्यू जर्सीत मात्र 2010 पर्यंत असे पदच नव्हते. 1947 च्या घटनेनुसार गव्हर्नरनंतर सिनेटचे अध्यक्ष, त्यानंतर असेंब्लीचे सभापती असा क्रम होता. शिवाय सिनेटचा अध्यक्ष आपले मूळ पद न सोडताच हंगामी गव्हर्नर होई. कायदा करणारा आणि त्यावर सही करणारा माणूस एकच, ही या व्यवस्थेतली खरी खोट.

ती उघडी पडली 2001 मध्ये. तेव्हाच्या गव्हर्नर क्रिस्टीन टॉड व्हिटमन केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेच्या प्रमुख झाल्या आणि सिनेट अध्यक्ष डोनाल्ड डिफ्रान्सेस्को यांनी वर्षभर दोन्ही पदे सांभाळली. पुढच्या जानेवारीत तर प्रहसनच झाले. 8 जानेवारी 2002 रोजी जुन्या विधिमंडळाची मुदत संपली. नव्या सिनेटचा अध्यक्ष ठरेपर्यंत सुमारे दीड तास अॅटर्नी जनरल जॉन फार्मर गव्हर्नर होते. नव्या सिनेटमध्ये दोन्ही पक्षांचे वीस-वीस सदस्य, म्हणून अध्यक्षही दोन. उरलेला आठवडा जॉन बेनेट आणि रिचर्ड कोडी यांनी वाटून घेतला. 15 तारखेला निवडून आलेले जिम मॅकग्रीवी आले, म्हणजे आठ दिवसांत पाच गव्हर्नर.

मॅकग्रीवींनी 2004 मध्ये राजीनामा जाहीर केला, पण तो नोव्हेंबरपासून अमलात येईल असा. सप्टेंबरच्या आरंभापूर्वी पद सोडले असते, तर पोटनिवडणूक घ्यावी लागली असती. कोडी पुन्हा आले आणि चौदा महिने राहिले. एवढे झाल्यावर 2005 मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली. जानेवारी 2010 मध्ये किम ग्वाडाग्नो पहिल्या लेफ्टनंट गव्हर्नर झाल्या.

तरी जुनी शिडी मोडीत निघाली नाही. त्याच वर्षी डिसेंबरच्या हिमवादळात गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती फ्लोरिडात, ग्वाडाग्नो मेक्सिकोत. आणीबाणी जाहीर केली ती सिनेट अध्यक्ष स्टीफन स्वीनी यांनी. 2023 मध्ये गव्हर्नर परदेशी असताना लेफ्टनंट गव्हर्नर शीला ऑलिव्हर यांना रुग्णालयात दाखल करावे लागले, 1 ऑगस्टला त्या वारल्या, आणि कारभार सिनेट अध्यक्ष निकोलस स्कुटारी यांच्याकडे गेला.