पत्र्यावर ठोकलेले आकडे: एका जुन्या गाडीची जन्मपत्रिका वाचताना

आज जुन्या गाड्यांच्या कागदांबद्दल बोलायचंय. आकडे बरेच येणार आहेत, त्यामुळे ऐकणाऱ्यांपेक्षा वाचणाऱ्यांची सोय जरा जास्त होईल. ऐकणाऱ्यांनी पेन घेऊन बसा.

सोलापुरातून हा विषय काढायला एक कारण आहे. वालचंद हिराचंद या शहरात जन्मले, १८८२ साली. आपल्याकडे वालचंद म्हटलं की कॉलेज आठवतं, फार तर वालचंदनगरची साखर. पण भारतात मोटार बनवायचा हट्ट याच माणसाचा. सर विश्वेश्वरय्यांनी १९३५ च्या सुमारास मोटार कारखान्याची योजना मांडली आणि वालचंद तिच्या मागे उभे राहिले. ब्रिटिश सरकारने दाद दिली नाही. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, कुर्ल्याला कारखाना आला आणि १९४७ मध्ये क्रायस्लरच्या करारावर गाड्या बाहेर पडू लागल्या. मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये वालचंद गेले. ज्या गाडीने कंपनीचं नाव घरोघरी नेलं ती फियाट ११०० त्यानंतर, १९५४ पासूनची. पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडणारी. महाराष्ट्रात तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणतात, आणि प्रेमाने म्हणतात.

आता कागदांकडे. कुर्ल्याच्या गाडीकडे वळण्याआधी इंग्रजी स्पोर्ट्स कारचे कागद बघू, कारण नंबर वाचायची सवय तिथे चांगली लागते.

जॅग्वार एक्सके १२० घ्या. १९४८ च्या ऑक्टोबरात लंडनच्या मोटार शोमध्ये आली, १९५४ मध्ये बंद झाली. तिचा चेसिस नंबर सहा आकडी असतो आणि पहिले आकडेच बोलतात. उघड्या टपाच्या रोडस्टरचा नंबर ६६० ने सुरू झाला तर स्टीअरिंग उजवीकडे, ६७० ने सुरू झाला तर डावीकडे. पक्क्या टपाच्या कूपेला ६६९ आणि ६७९. नंबराच्या आधी ‘एस’ असेल तर गाडी स्पेशल इक्विपमेंटची. इंजिन नंबर बहुतेकदा ‘डब्ल्यू’ने सुरू होतो आणि शेवटी आडवी रेघ मारून ७ किंवा ८ लिहिलेलं असतं. ते कॉम्प्रेशन. सातचं इंजिन हलक्या पेट्रोलवर चालायचं, म्हणून जिथे पेट्रोल धड मिळत नाही अशा ठिकाणांना सोयीचं.

याचा उपयोग काय? सांगतो. सुमारे साडेसात हजार रोडस्टर बनल्या, त्यांत उजव्या स्टीअरिंगच्या साधारण बाराशेच. बाकीचा बहुतेक माल अमेरिकेकडे गेला. म्हणजे उजव्या स्टीअरिंगची मूळ गाडी दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणून महाग. स्टीअरिंग एका बाजूचं दुसऱ्या बाजूला करणं चांगल्या मिस्त्रीला अशक्य नाही. तेव्हा स्टीअरिंग उजवीकडे आणि पाटीवर ६७० दिसलं, की समजायचं, ही गाडी कारखान्यातून अशी निघालेली नाही. आणि पाटी ६६० ची असली तरी पाटी म्हणजे चार स्क्रूंनी बसवलेला पत्रा! पाटी बदलता येते. म्हणून चेसिसवर ठोकलेला नंबर बघायचा, ब्लॉकवरचा बघायचा, हेडवरचा बघायचा, आणि मग तिकडे इंग्लंडला लिहायचं. जॅग्वारच्या हेरिटेज ट्रस्टकडे कारखान्याच्या जुन्या नोंदी आहेत. त्यावरून प्रमाणपत्र मिळतं: चेसिस, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्सचे नंबर, मूळ रंग, आतल्या चामड्याचा रंग, बनल्याची तारीख, रवाना झाल्याची तारीख आणि कुठल्या डीलरकडे गेली ते. इंजिन नंबर जुळला तर मालक पेढे वाटतो. नाही जुळला तर गाडी वाईट ठरत नाही, पण भाव उतरतो.

एमजीची गंमत वेगळी. एमजी टीसीचे नंबर एकपासून सुरूच होत नाहीत, २५१ पासून होतात. का? तर अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता! त्यामुळे टीसी १००० ही हजारावी गाडी नव्हे, साडेसातशेवी. हे माहीत नसलं की क्रमांकाचा हिशोब कायम अडीचशेने चुकणार.

पुढे एमजीए आली तेव्हा नंबराआधी तीन अक्षरं आणि दोन आकडे आले. अक्षरांत मॉडेल, बॉडी आणि रंग. ‘ए’ म्हणजे काळा. पहिला आकडा गाडी कुठे चालली ते सांगतो: १ म्हणजे इंग्लंडातच, २ म्हणजे उजव्या स्टीअरिंगची निर्यात, ४ म्हणजे उत्तर अमेरिका, आणि ५ म्हणजे उजव्या स्टीअरिंगची, सुटे भाग खोक्यात भरून पाठवलेली.

हा पाचाचा आकडा मला फार आवडतो. खोक्यातून जाणाऱ्या गाडीला दोन जन्म असतात: एक जिथे भाग बनले तिथला, दुसरा जिथे ते जोडले तिथला. मुंबईला हे नवीन नव्हतं. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीला असंच करत होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने सांगितलं, नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथे बनवा. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या, प्रीमियर राहिली. म्हणून सुरुवातीच्या डुक्कर फियाटमध्ये इटलीचा माल जास्त आणि नंतरच्या गाड्यांत इथला वाढत गेलेला. अशा गाडीत ‘ओरिजिनल’ कशाला म्हणायचं, यावर दोन फियाटवाले चहाचे चार कप संपेपर्यंत भांडू शकतात.

फियाटच्या बाबतीत मालकाच्या हाती मुख्यतः तीन गोष्टी: पाटी, ठोकलेले नंबर आणि आरसी बुक. इथे एक खाच आहे. डुक्कर फियाटचं इंजिन १०८९ सीसी, आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ नाव लागलेल्या गाडीचंही १०८९ सीसी. पद्मिनीचं इंजिन जुन्या गाडीत बसवलं तरी आरसीतला सीसीचा रकाना काहीच सांगणार नाही. सांगेल फक्त इंजिन नंबर, आणि तोही बदलाची नोंद आरटीओत केली असेल तरच. नंबर प्लेटवरून अंदाज येतो: ‘बी’ने सुरू होणारा नंबर साधारणपणे मुंबई राज्याच्या काळातला, ‘एम’चा त्यानंतरचा, आणि आपलं एमएच-१३ तर १९८९ च्या नियमांनंतरचं. पण पुन्हा पासिंग झालेल्या गाडीवर एमएच-१३ दिसलं म्हणून ती १९९० ची होत नाही.

हे सगळं आता नुसतं शौकाचं राहिलेलं नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी विंटेज. नवीन नोंदणीला वीस हजार फी, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, दहा वर्षांची मुदत. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. शब्द नीट बघा: पहिल्या नोंदणीपासून. कारखान्याची तारीख डिसेंबरची आणि नोंदणी मार्चची असेल तर मार्चच धरायचा. इथेच जुनं, फाटकं, शाई उडालेलं आरसी बुक सोन्याचं होतं, कारण पहिल्या नोंदणीची तारीख त्यात असते आणि डुप्लिकेट काढताना एखादा आकडा चुकला तर तो निस्तरायला चपला झिजतात.

१९७४ च्या पद्मिनीही आता पन्नाशी ओलांडून गेल्या. तुमच्या वाड्यात, शेतावरच्या शेडमध्ये एखादी उभी असेल तर डेंटिंग-पेंटिंगला द्यायच्या आधी दोन कामं करा. आरसीच्या सगळ्या पानांचे फोटो काढा, कोरी पानंसुद्धा. आणि चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या. ग्राइंडर फिरला की तो नंबर परत मिळत नाही.