श्रमाचे चित्र, सत्तेचे चित्र

१९२८ साली किंग व्हिडॉर या अमेरिकन दिग्दर्शकाने 'द क्राउड' हा मूकपट काढला. नायक १९०० सालच्या ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी जन्मलेला. मुलगा मोठा माणूस होणार अशी बापाची खात्री. आणि मुलगा न्यूयॉर्कच्या एका कचेरीत शेकडो सारख्या मेजांपैकी एका मेजावर आकडे मांडत बसतो. महत्त्वाकांक्षा आणि मजुरी यांची गाठ कशी पडते व कशी तुटते, हा त्या चित्रपटाचा विषय. मराठी चित्रपटाने ही गाठ कधी पाहिली का, असा प्रश्न आम्हांस पडतो.

या प्रश्नाचा शोध बाबूराव पेंटरांपासून घ्यावा लागेल. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सावकारी पाश' १९२५ चा. कथा नारायण हरी आपटे यांची. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावलेला शेतकरी शहरात येतो आणि गिरणी कामगार होतो. पौराणिक कथांच्या त्या काळात पडद्यावर कर्जाचा कागद दिसावा, हेच मोठे धाडस होते. १९३६ साली पेंटरांनी हीच कथा बोलपटात पुन्हा सांगितली.

पण या कथेत शेतकरी सोसतो. संघटित होत नाही. याचा दोष पेंटरांना देता येणार नाही. १८७५ साली सुप्यापासून पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले होते खरे. पण कामगार संघटनांना मान्यता देणारा कायदा झाला १९२६ साली, आणि मुंबईच्या गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप १९२८ चा. मूकपटातला कामगार शब्दशः मुका होता, तसा राजकीय अर्थानेही मुकाच होता.

पुढे उलट टोक आले. जब्बार पटेल दिग्दर्शित व विजय तेंडुलकर लिखित 'सामना' (१९७५) आणि 'सिंहासन' (१९७९) यांनी सत्तेचे शवविच्छेदन केले. 'सामना'त साखर कारखान्याचे साम्राज्य उभारणारा हिंदुराव आहे. त्याला एक उपरा मास्तर मारुती कांबळेविषयी एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारतो. सारा चित्रपट ज्याच्याभोवती फिरतो तो मारुती मात्र मेलेला आहे. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांवर बेतलेल्या 'सिंहासन'मध्ये डिकास्टा हा कामगार पुढारी आहे. पण तोही मुख्यमंत्र्यांच्या पटावरचा एक खेळाडू. त्याच्यामागचे कामगार मात्र गर्दीच राहतात. म्हणजे पेंटरांकडे श्रम होते, सत्ता नव्हती. तेंडुलकर-पटेलांकडे सत्ता आहे, श्रम पडद्याआड गेले आहेत.

मग ती गाठ महाराष्ट्रात पडलीच नाही का? पडली, आणि आमच्या भंडारा जिल्ह्यातही पडली. पवनी हे वैनगंगेकाठचे विणकरांचे गाव. येथील कोष्ट्यांच्या रेशीमकाठी वस्त्रांचा एके काळी लौकिक होता. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या सुतापुढे व कापडापुढे हातमागाचे अर्थकारण ढासळत गेले. जिल्ह्यात तेंदूपत्ता विपुल, म्हणून विडीचा धंदा फोफावला. घरात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाया येथील खऱ्या कामगार. त्यांना गिरणीचा भोंगा नाही, फाटक नाही. म्हणून कॅमेऱ्याला दिसेल अशी गर्दीही नाही.

याच भंडाऱ्यात १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ दोन जागांचा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठी उभे होते. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष स्थापणारा, ७ नोव्हेंबर १९३८ चा औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धचा संप घडवणाऱ्या नेत्यांपैकी एक, १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळणारा हा पुरुष. काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी त्यांचा पराभव केला. सर्वसाधारण जागा प्रजासमाजवादी अशोक मेहतांनी जिंकली. बाबासाहेबांच्या बाबतीत सत्ताकांक्षा हा शब्द थिटा पडतो. कष्टकऱ्यांच्या वतीने सत्ता मागणे, हे तिचे खरे नाव. श्रम आणि सत्ता येथे एकाच मतपेटीत आले होते. मराठी चित्रपटाला हवे असलेले नाट्य याहून वेगळे ते काय? येथे सावकारासारखा खलनायक नाही, हिंदुरावासारखा मोहक अत्याचारीही नाही. आहे तो केवळ मतदार: विणकर, विडी कामगार, भूमिहीन. त्याने कोणाला का निवडले, हे समजून घ्यायचे तर त्याच्या घरात, त्याच्या मागाजवळ जावे लागते. मराठी चित्रपट तेथवर क्वचितच गेला.

१९६९-७० साली पवनीला उत्खनन झाले, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्तूपांचे अवशेष मिळाले. तेथील दगडांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. कोण्या सम्राटाने नव्हे, तर अशा दात्यांच्या दानांतून ती वास्तू उभी राहिली आणि त्यांची नावे टिकली. साहित्याच्या विद्यार्थ्याने चित्रपट पाहताना हीच कसोटी लावावी: गर्दीतल्या किती जणांना या कलाकृतीने नाव दिले? 'सामना'तला मास्तर एका मेलेल्या माणसाचे नाव घेत राहतो, म्हणूनच तो चित्रपट आजही आम्हांस अस्वस्थ करतो. जिवंत माणसांची नावे घेणे अद्याप बाकी आहे.